धुळ्यात पोराचा पहिला सामना

नाना, धुळ्याहून परत येऊन आज चौथा दिवस आहे आणि दुकानाचं शटर मी अजून अर्धंच उघडतो. बाकावर तीन मोटारी वायंडिंगला येऊन पडल्या आहेत. काल एकीच्या तारेचे वेढे मोजताना तीन वेळा चुकलो, असं माझ्या हातून कधी झालेलं नाही. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, म्हणजे नातू तुम्ही पाहिलेलाच नाही. तो साडेसोळा वर्षांचा आहे, तुमच्यासारखा उंच, बारीक मानेचा. दहावीनंतर धुळ्याला तुमच्या भाच्याकडे राहतो, अकरावीला आहे, आणि तिथल्या फुटबॉल क्लबात बचावात खेळतो. रविवारी त्याचा क्लबाकडून पहिला सामना होता. आता तो आतल्या खोलीत पडदा लावून पडलाय. दर तासाला मी दुकानातून घरी जातो, नाव विचारतो, वार विचारतो, दोन्ही डोळ्यांत बॅटरी मारून पाहतो. तो उत्तरं देतो, पण माझ्याकडे बघत नाही. आज सकाळी त्याच्या हातातून पाण्याचा पेला पडला. नुसता ओल्या हातातून निसटला असेल. असेलच. पण पेला फरशीवर फिरत होता तेवढा वेळ मी श्वास घेतला नाही.

सुरुवातीपासून सांगतो, मला अर्धवट सांगितलेलं चालत नाही हे तुम्हाला माहीत आहे. त्या रविवारच्या तेवीस दिवस आधी पोरगा सुट्टीला घरी, भुसावळला आला होता. रेल्वेच्या मैदानावर पोरं खेळत होती, त्यात एका आडदांड पोराची आणि याची डोक्याला डोकं लागून टक्कर झाली. मी कुंपणाशी उभा होतो. तो उठला, पण पाचेक मिनिटं त्याला आज कुठला वार आहे ते सांगता येईना, आणि संध्याकाळी एक उलटी झाली. शहाण्या माणसाने त्याला डॉक्टरकडे नेलं असतं. मी नेलं नाही. मी मोबाइलवर वाचलेलं होतं, वहीत उतरवून घेतलेलं होतं, आणि आयटीआयची पायरी न चढता ज्या माणसाने अख्ख्या तालुक्याच्या मोटारी दुरुस्त केल्या त्याला आपल्या पोराचं डोकं तपासता येत नाही असं मानायला मी तयार नव्हतो. एका पायावर उभं केलं, सतराचा पाढा म्हणायला लावला, बॅटरीने बाहुल्या पाहिल्या आणि वहीत लिहिलं, 'सर्व ठीक'. त्याच्या आईला सांगितलं की टेंगूळ आलंय. आठवड्याने क्लबाचा फॉर्म आला. त्यात पालकाने भरायचा रकाना होता, गेल्या सहा महिन्यांत डोक्याला मार लागला आहे का. पोरगा समोर बसला होता. नुसता माझ्या पेनाकडे बघत होता. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'नाही'.

तेव्हा मला दीपनगरचं, वीज केंद्राच्या वसाहतीतलं आपलं क्वार्टर आठवायला हवं होतं. आता रोज आठवतं. स्वयंपाकघर, ओट्याशेजारचा जळका सॉकेट, तुम्ही स्टुलावर उभे, आई खाली कणीक मळतेय. मी चौदा वर्षांचा, जुन्या बाजारातून आणलेलं वायरिंगचं पुस्तक पाठ केलेलं. तुम्ही विचारलं, मेन बंद केला का? मी ऐटीत म्हणालो, बंद शे नाना. बंद केला होता तो दिव्यांचा. प्लगांचा वेगळा होता. तुम्हाला झटका बसला आणि तुम्ही स्टुलासकट परातीवर पडलात. आईने बोंब मारली. तुम्ही कोपराला पीठ लागलेले तसेच उठलात, मला वाटलं आता मारणार, पण तुम्ही हळूच म्हणालात, "माहीत नही व्हतं तं माहीत नही म्हणानं. बंद शे म्हणीसन कसं सांगं तू? दखं व्हतं का?" मी म्हणालो, नाही, पाहिलं नव्हतं. "मंग मना जीव तुना शब्दवर टांगेल व्हता का रे?" दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून येताना तुम्ही मला टेस्टर आणून दिलात, पिवळ्या मुठीचा. मार बसला असता तर मी विसरलो असतो.

रविवारी सकाळच्या एस.टी.ने मी धुळ्याला गेलो, पोराला न सांगता. आपला माणूस बघतोय म्हटलं की तो बिचकतो. सामना चारला. मैदानाच्या एका अंगाला सिमेंटच्या पायऱ्या आहेत, त्यावर क्लबाची नेहमीची माणसं बसतात. मीही त्यांच्यात जाऊन बसलो. माझ्या एका बाजूला टोपीवाले म्हातारे आबा, दुसऱ्या बाजूला खाकी शर्टातला एक रिक्षावाला, मांडीवर भुईमुगाच्या शेंगांचा कागद. दोघे मला मधे ठेवून माझ्याच पोराबद्दल बोलत होते.

"आबा, सोळा वरीसना पोऱ्याले बचावमा उभा करा? आपला कोचनं डोकं फिरेल शे."

"साडेसोळा," मी म्हणालो. तोंडातून गेलंच.

रिक्षावाला माझ्याकडे वळला. "भाऊ, तुमले काय माहीत?"

"पेपरात वाचलं."

"पेपरमा? आबा, आयका! आपला क्लबनं नाव पेपरमा उनं!" मागच्या पायरीपर्यंत हशा गेला. "कोठेन उनात भाऊ?"

भुसावळहून, कामासाठी आलो होतो, असं सांगितलं. आबांनी मला शेंगा घ्यायला लावल्या. म्हणाले, भुसावळवाल्यांना फुटबॉल कळतो, बसा. मग पोरं मैदानात आली आणि रिक्षावाला म्हणाला, "मान दखी का त्यानी? काडी शे. फुक मारी तं पडी जाई."

"पडना तं पडना," आबा म्हणाले. "पहिले टिळा लागू दे, मंग बोलूत."

टिळा म्हणजे काय ते मी विचारलं. आबांनी कौतुकाने समजावलं. या क्लबात नवा खेळाडू उतरला की त्याने पहिला उंच चेंडू डोक्यानेच घ्यायचा. मैदान मातीचं, चेंडूला धूळ लागलेली असते, तिचा गोल कपाळावर उठतो. तो टिळा. छातीवर घेतला किंवा वाकून सोडला की तो भित्रा, मग वर्षभर पायऱ्यांवरून त्याला नावाने कुणी हाक मारत नाही. "आमना क्लबनी रीत शे भाऊ. पन्नास वरीसपाईन." मी हातातल्या शेंगा परत कागदावर ठेवल्या. पोराने मला हे कधी सांगितलं नव्हतं. का सांगितलं नाही ते तिथे बसल्या बसल्या कळलं.

मी मोबाइलवर वेळ लावली होती, सवयीने. पहिली आठ मिनिटं चेंडू जमिनीवरच राहिला आणि मी मनात प्रत्येक देवाला एकेक वस्तू कबूल करत होतो. नवव्या मिनिटाला समोरच्या संघाच्या गोलरक्षकाने लांब मारला. चेंडू इतका वर गेला की क्षणभर उन्हात दिसेनासा झाला. पायऱ्यांवरची सगळी माणसं उभी राहिली, टिळा, टिळा, टिळा. पोराने वर पाहिलं. दोन पावलं मागे झाला. मला वाटलं, सोडतोय. सोड बाबा, भित्रा म्हणू देत. मग तो पुढे धावला आणि उडी मारली. तो आवाज मी ऐकला, नाना. ओल्या लाकडावर हातोडी पडावी तसा.

"लागना! टिळा लागना!" रिक्षावाल्याने मला मिठी मारली, शेंगा उडाल्या. चेंडू अर्ध्या मैदानापर्यंत गेला होता. पोरगा उभा होता, कपाळावर मातीचा गोल. सगळे खेळाडू पुढे धावले आणि तो मात्र एक क्षण आपल्याच गोलकडे तोंड करून उभा राहिला. उजवा हात कानावर ठेवला, डोळे मिचकावले, मग वळून धावू लागला. भुसावळच्या मैदानावर टक्कर झाल्यावर त्याने कानावर हात ठेवला होता तो अगदी तसाच. पायऱ्यांवर कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

विसाव्या मिनिटाला मी पायऱ्या उतरून रेषेपाशी गेलो आणि कोचच्या दंडाला धरलं. म्हणालो, त्याला बाहेर काढा, मी बाप आहे, तेवीस दिवसांपूर्वी डोक्याला मार बसलाय, फॉर्मवर मी खोटं लिहिलंय. कोचने माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर खाली घातली. त्याने लगेच हात वर केला. पोरगा बाहेर आला, मला पाहिलं, आणि बुटांकडे बघत म्हणाला, "पप्पा, मला काही झालं नाहीये." जीभ जरा जड होती. पायऱ्यांवरून आवाज आला, "अरे, हाऊ तं बाप निंघना! आमनाजोडे बसीसन शेंगा खाये!" दुसरा ओरडला, "आते दया उनी का बापले?" शिट्ट्या वाजल्या. फक्त आबा पायऱ्या उतरून आले आणि रिक्षावाल्याला हाक मारून म्हणाले, रिक्षा काढ, दवाखान्यात जायचंय. मला मिठी मारणारा तोच रिक्षावाला. वाटेत त्याने आरशातून पोराकडे इतक्यांदा पाहिलं की मलाच सांगावं लागलं, पुढे बघ भाऊ.

डॉक्टरबाई तरुण होत्या. डोक्याच्या स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही म्हणाल्या, पण मेंदूला दुसरा हादरा बसलाय, पहिल्या हादऱ्यानंतर त्याला मैदानावर उतरवायलाच नको होतं, कुणी तपासलं होतं? मी म्हणालो, मी. त्यांनी लिहिणं थांबवलं नाही. पुढचे काही आठवडे उजेड नको, मोबाइल नको, धावणं नको, आणि बोलणं अडखळलं, झोपेतून उठेना, उलट्या झाल्या तर तडक यायचं. नंतर खेळेल का, असं विचारलं तर म्हणाल्या, आधी नीट वाचू दे, लिहू दे, मग बघू. काल मी त्याला वर्तमानपत्रातली चार ओळींची बातमी वाचायला दिली. तिसऱ्या ओळीवर तो थांबला, पहिल्या ओळीपासून परत सुरू केली, आणि मग कागद उलटा ठेवला.

त्याच्या आईला आता सगळं कळलंय, फॉर्मचंही. ती माझ्याशी कामापुरतं बोलते. पण काल तिने एक विचारलं, तुम्हाला कळल्याबरोबर उठलात ना? मी हो म्हणालो. पोरालाही तेच सांगितलंय, कोचलाही. हा कागद मी घरी नेणार नाही, कारण खरं इथेच लिहिलंय. नवव्या मिनिटाला मला कळलं होतं. उठलो विसाव्याला. मधली अकरा मिनिटं आबा म्हणत होते, हाऊ पोऱ्या आपला शे, आणि रिक्षावाला माझ्या पाठीवर थापा मारत म्हणत होता, याले मायनी दूध नही, लोखंड पाजेल शे. पाय गळाले होते म्हणून बसलो नव्हतो, नाना. मला ते ऐकायचं होतं.