रेडिओवर व्याह्यांना हाकलले त्याचा खुलासा

घिवली, ता. १६ जानेवारी १९७९

एडवण मुक्कामी व्याही आत्मारामजी यांस महादू तांडेलचा दोन्ही हात जोडून नमस्कार. आपला गुडघा आता कसा आहे? विहीणबाईंचा खोकला गेला का? आमच्याकडे सगळ्यांच्या तब्येती ठणठणीत आहेत, फक्त अब्रू अंथरुणाला खिळली आहे.

पालघरच्या बाजारात तुमच्या गावच्या जमनाने निरोप दिला की, तुम्ही मला रेडिओवर ऐकलेत आणि आमच्या हंसाचे ठरलेले लग्न मोडायला निघालात. व्याही, चार माणसांत ठरलेली सोयरीक एका खोक्याच्या सांगण्यावरून मोडता? आधी ऐकून तर घ्या.

मुंबईहून रेडिओवाले आले ते बायकांची लग्नातली गाणी भरून घ्यायला. (चाळीस वर्षे मी दर्यावर गातो, मला कोणी विचारले नाही. पण ते असो.) गावात लग्नाची गाणी सांगणारी आमची गोदूबाई सात जणींना घेऊन माझ्या अंगणात बसली. बाजूलाच वलांडीवर, बांबूंच्या मांडवावर, बोंबील सुकत होते. चष्मेवाले साहेब म्हणाले, "मशीन सुरू असेपर्यंत कोणी तोंड उघडायचे नाही." मी म्हटले, "सायेब, आमी गप ऱ्हाऊ, पन कावल्यांना कोन सांगंल?" तर म्हणतात, "त्यांचा आवाज चालेल. तुमचा नको." माझ्याच अंगणात कावळ्यांना परवानगी आणि मला बंदी!

गाणे सुरू झाले आणि कावळे उतरले. मी हात हलवले, टोपी फिरवली, कमरेच्या रुमालालाही हात घातला (सोडला नाही, बायका होत्या). आज हा माणूस मुका आहे, हे त्यांनी बरोबर ओळखले. एक तर बोंबील घेऊन साहेबांच्या पेटीवरच जेवायला बसला. तीन दिवस सुकवलेला माल, व्याही! पाच गाणी मी राग गिळला. सहाव्यात गोदूबाईने 'व्याही आले दारी, बसायला द्या पाट' म्हटले आणि माझा बांध फुटला. "हाट् मेल्यांनो! फुकटचा खायाला येता? चला, चालते व्हा!"

साहेब म्हणाले होते, नको ते काढून टाकू. काय काढले? सरपंच कमलाकांतांचे भाषण काढले आणि माझे बोल ठेवले! पाट मांडल्याबरोबर 'हाट् मेल्यांनो'. कावळ्यांचा तर आवाजच नाही. तोंडात बोंबील असल्यावर कोण बोलेल? मी जाब विचारणारे दोन पानी पत्र पाठवले. उत्तर आले की, 'आपला सहभाग श्रोत्यांना फार आवडला.' सहभाग!

व्याही, माझी होडी बुडाली तेव्हा मी रडलो नाही. पण जमनाचा निरोप आल्यापासून हंसाच्या ताटातला भात तसाच राहतो, ते बघवत नाही. समुद्राची शपथ, ते शब्द तुमच्यासाठी नव्हते. राग सोडा, तारीख तीच राहू द्या.

आपला व्याही (अजून आहे असे धरून),
महादू

ता. क. रेडिओवाले येत्या मंगळवारी परत येताहेत. (मी होकार कळवून टाकला. सदराही शिवायला दिला.) विहीणबाईंना घेऊन याच. मुलाकडच्या बायकांनी गाण्यातून माझे नाव घेऊन मला हवे तेवढे झोडावे, सगळ्या मुलखाला ऐकू जाऊ दे. म्हणजे फिट्टंफाट.

आणखी ता. क. मामंजी, पत्र बाबांनी सांगितले, लिहिले मी. रेडिओवाल्यांबद्दलचे निम्मे गाळले आहे. तुमच्याबद्दलचे सगळेच. — हंसा