डब्यातली मनू

४ नोव्हेंबर, मंगळवार

ह्यांची या आठवड्यात ३री पाळी, रात्रीची. सकाळी चाकणच्या कंपनीतून आले, अंघोळ, दोन भाकरी, झोपले. मग घर माझं. मनूचा गेमचा डबा लावला, दोन शिंगांच्या रिमोटला इअरफोन खुपसला, ब्लाउजच्या गळ्यांचे व्हिडिओ बघितले. आवाज सगळा माझ्या कानात, घरात चिडीचूप. ही युक्ती मनूचीच. टीव्ही जुना, त्याला इंटरनेट कळत नाही. पहिल्या पगारात तिने डबा आणला, स्वतःला गेम खेळायला म्हणून, आणि महिन्याभरात त्यावर ह्यांच्या कुस्त्या, माझ्या मालिका, तिच्या बारशाची कॅसेट, सगळं चढवलं. "फुली दाबली की आत, गोल दाबलं की मागे. एवढंच, आई."

पोरगी गेली, डबा राहिला. न्यायचा विसरली की मुद्दाम ठेवला, देव जाणे.

६ नोव्हें.

तिसऱ्या मजल्यावरची फॉल-बिडिंगला साडी घेऊन आली. "मनाली जर्मनीत रमली का हो?" म्हटलं, रमली. थंडी फार आहे म्हणते.

जर्मनी! मोशीहून निघून निगडीला बस बदलली की रावेत, तिथे राहते ती. पण ह्यांनी बिल्डिंगभर जर्मनी करून ठेवलीय. पोरीने पावसाळ्यात रजिस्टर लग्न केलं, मुलगा आपल्या जातीतला नाही, हे सांगण्यापेक्षा तिला परदेशी धाडणं सोपं. दिवाळीला लोकांना फराळ वाटताना वर म्हणाले, "पोरीला कुरिअरनं धाडलाय." नुसती बघत राहिले मी. तिच्या वाटच्या करंज्या डब्यात मऊ पडल्या. शेवटी मीच खाल्ल्या, एकेक करून, रडत.

जावयाची पहिली दिवाळी होती.

११ नोव्हें.

डब्याला काय झालंय कळत नाही. गळ्यांचे व्हिडिओ सोडून "सकाळची मळमळ कशी थांबवावी", "पहिल्या तीन महिन्यांत पपई चालते का" असलं पुढे करतोय. म्हटलं, बाबा रे, माझं वय काय, मला काय दाखवतोस! हसू आलं. खूप दिवसांनी एकटीच हसले.

१९ नोव्हें., बुधवार

अक्षर वाकडं येतंय.

ह्यांची १ली, घरी कोणी नाही. व्हिडिओ शोधायच्या खिडकीत गेले. तिथे खाली आधी शोधलेलं दिसतं. मी कधी तिकडे बघत नाही. आज बघितलं. त्यात होतं: "येसर मसाला कसा करतात मराठवाडी."

येसर आमच्या घरात कोण शोधणार? मी तर डोळे मिटून करते. ह्यांना फक्त येसराची आमटी ओरपायची माहीत.

वर कोपऱ्यात गोलात मनूचा फोटो आहे. मला वाटायचं, शोभेला ठेवलाय, देव्हाऱ्यात फोटो ठेवतात तसा. येडी मी. ते सगळं तिचंच खातं आहे. ती तिकडे फोनवर जे शोधते ते इकडे आमच्या टीव्हीवर उमटतं. आम्ही जे बघतो ते तिला दिसत असणार.

म्हणजे ती मळमळ तिची होती. पपईपण तिचीच.

मनू, तुला दिवस गेलेत आणि मला डब्याने सांगितलं.

२० नोव्हें.

रात्रभर तेच. फोन उचलावासा वाटतो. पण शपथ.

लग्नाचं कळलं त्या दिवशी ह्यांनी माझा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "तिच्याशी बोलशील, तिच्या दारात जाशील, तर मी मेलो समज. घे शपथ." घेतली. लोक हसतील, आजच्या काळात शपथ कसली म्हणून. हसू देत. ह्यांचं काम प्रेसवर, पत्रा दाबायच्या मशीनवर. डाव्या हाताचं एक बोट प्रेसने आधीच अर्धं नेलंय. मी तिला फोन लावायचा आणि त्याच वेळी तिकडे ह्यांचा हात आत असायचा, एवढं डोळ्यांसमोर येतं आणि फोन खाली ठेवते. ह्यांच्या तोंडून "शपथ सुटली" आल्याशिवाय ती सुटत नाही. माझ्या आईने असंच सांगितलं, मी तसंच मानते.

पण शोधणं म्हणजे बोलणं का? मी टीव्हीत काही शोधलं तर ते टीव्हीशी.

दुपारी डबा लावला. पडद्यावर एकेक अक्षर वेचत, इंग्रजी अक्षरांत, तिने फोनवर शिकवलं होतं तसं लिहिलं: "बाजरी मंद भाज, नाहीतर येसर कडू होतो". फुली दाबली. कोणीतरी बाई बाजरीचे लाडू करताना दिसली. बंद केलं. चोरी केल्यासारखं रिमोट जागच्या जागी ठेवलं.

२१ नोव्हें.

आज खिडकीत माझ्या ओळीच्या वर नवी ओळ. एवढंच.

"आई?"

टीव्हीच्या काचेवर हात ठेवून उभी राहिले. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या, कळलं नाही. वरणाचा लगदा.

२६ नोव्हें.

परत ३री. हे आत झोपलेले, मी बाहेर कानात इअरफोन घालून. कशाला घालते? ऐकायला काहीच नसतं. सवय.

मी शोधलं: "जेवतेस का नीट". तिचं आलं: "तुझ्या हातचं पाहिजे". मी: "जड उचलू नको". ती: "तो उचलू देतच नाही". म्हणजे पोरगा बरा आहे. ह्यांना एकदा सांगता आलं असतं तर!

दरवेळी खाली कुणाकुणाचे भलतेच व्हिडिओ येतात. "जड उचलू नको"ला एक पैलवान आला, डोक्यावर दगडी गोटी घेऊन. तिलाही दिसला असेल. हसली असेल.

७ डिसें., रविवार

हे सकाळपासून कुस्त्या लावून बसले. कुठल्याशा जत्रेतली, लाल मातीतली. आवाज पूर्ण. मी चहा दिला, तेव्हा म्हणाले, "मनी असती तर पुढची काढून दिली असती. मला ह्ये मागंम्होरं जमत न्हाई." आणि बशीत चहा ओतला. जर्मनीहून काढून देईल म्हणावं, असं जिभेवर आलं होतं, गिळलं.

संध्याकाळी ह्यांनी टीव्ही सोडल्यावर खिडकीत बघितलं. तिची ओळ: "बाबा आज घरी आहेत. कुस्ती चालू आहे. बोट दुखतं का अजून थंडीत".

दुखतं. रोज रात्री खोबरेल लावते मी. ती गेल्यापासून मी लावते. आधी ते काम तिचं होतं.

१७ डिसें., बुधवार

३री. हे झोपलेत.

खिडकी उघडली. "चौथ्या महिन्यात पोटात खालून दुखणे". त्याच्या वर: "थोडं लाल जाणे नॉर्मल आहे का".

लिहिलं: "डॉक्टरकडे जा आत्ता. उठ. आत्ता जा". अक्षरं सापडेनात, रिमोट घामाने निसटत होतं.

ह्यांना उठवायला आतपर्यंत गेले. तोंडावर हात आडवा टाकून झोपलेले. अर्धं बोट वर. परत आले.

१८ डिसें.

काही नाही.

१९ डिसें.

काही नाही. गळ्यांचे व्हिडिओ, कुस्त्या, जुनंच सगळं. माझीच ओळ सगळ्यात वर, आत्ता जा, आत्ता जा.

गिऱ्हाईकाचा ब्लाउज उलटा शिवला. उसवला. परत उलटा.

२० डिसें.

"नंतर किती दिवस रक्त जातं".

त्याच्या वर, "मला परत होईल का".

गेलं.

इअरफोन कानात होते म्हणून मला माझं रडणं ऐकू आलं नाही. हे उठून बाहेर आले तेव्हा कळलं की मोठ्याने रडत होते. "काय झालं?" म्हणाले. मी टीव्हीकडे बोट केलं. पडद्यावर कुणी डॉक्टरीण बोलत होती. "असलं कशाला बघतीस, जिवाला लावून घ्यायला," म्हणाले आणि पाणी आणून दिलं. ग्लास धरायला मला दोन्ही हात लागले.

२३ डिसें., मंगळवार

ह्यांची २री, सकाळ मोकळी. भाकरी थापता थापता सांगितलं. पाठ करूनच सांगितलं.

"मनीला दिवस गेले होते. गेलं ते."

हातातला घास ताटात ठेवला. मग, "कुणी सांगितलं?"

"डब्यानं."

"शपथ मोडलीस?"

"न्हाई मोडली. तुमी हायसा की जित्ते."

ताट सरकवून उठले. भाकरी अर्धी. जाताना दारात म्हणाले, "शपथ म्हंजे शपथ. तिनं बापाला इचारलं व्हतं का?" मी म्हटलं, ती आत्ता पोरगी नाही का कुणाची? जिना उतरताना ऐकू आलं, खालच्या वॉचमनला नेहमीसारखं "काय भाऊ" म्हणाले. इतका राग आला मला त्या "काय भाऊ"चा.

२८ डिसें.

"आई ये".

दोनच शब्द. मी काय लिहू? "येते" लिहिलं, पुसलं. "येऊ शकत नाही" लिहिलं, पुसलं. शेवटी "मी इथंच आहे" लिहिलं. लाज वाटली. बारा-पंधरा किलोमीटरवर पोरगी ओल्या पोटाने पडलीय आणि आई टीव्हीत लिहितेय, इथंच आहे.

डिंक, खारीक, गूळ आणून ठेवलंय. लाडू वळले. कुणासाठी म्हणून ह्यांनी विचारलं नाही. एकही खाल्ला नाही.

३ जानेवारी, शनिवार

ब्लाउज द्यायला खाली गेले होते. गिऱ्हाईकाने बसवून घेतलं, वेळ झाला. आले तर हे टीव्हीसमोर, टीव्ही बंद, रिमोट मांडीवर. म्हटलं, कुस्ती लागत नाही का? "लागती," म्हणाले आणि आंघोळीला गेले. आंघोळ सकाळीच झालेली.

खिडकी उघडली.

सगळ्यात वर एक नवी ओळ. माझी नाही, तिची नाही. मी "मनू" लिहिते, ती स्वतःला काहीच लिहीत नाही.

"मनी". एवढंच.

खाली लहान पोरांची गाणी आली होती आणि कुणी तरी पैशांबद्दल बोलणारा. ज्या माणसाला मागंपुढं जमत नाही त्याने चार अक्षरं वेचली होती. अर्ध्या बोटाने शिंगाचं रिमोट धरता येत नाही, निसटतं. मला माहीत आहे, मी शिकवायला बघितलं होतं. म्हणजे त्यांनी सगळं वाचलंय. येसर, बोट दुखतं का, मला परत होईल का, सगळं.

न्हाणीतून पाण्याचा आवाज खूप वेळ येत होता.

५ जाने.

तिचं आलं. "बाबा?"

ह्यांना बोलावलं नाही. टीव्ही तसाच उघडा ठेवून मी भाजी निवडायला आत गेले. हे बाहेर होते. खुर्ची करकरली. पाऊण जुडी निवडून झाली तरी काहीच नाही. बाहेर आले तर टीव्ही बंद.

खिडकीत नवं काही नव्हतं. "बाबा?" तसंच लटकत.

६ जाने., मंगळवार. निगडी.

बस बदलायला थांबलेय, बाकावर बसून लिहितेय.

जेवणं झाली. ह्यांची ३री, रात्री कामावर. मी लाडवांचा डबा पिशवीत घातला. दोन जुने सुती गाऊन, येसर. सगळं त्यांच्यासमोर भरलं. हे टीव्हीसमोर बसलेले, खिडकी उघडलेली, पडद्यावर अक्षरांची फळी. एकही अक्षर घेतलं नव्हतं.

म्हटलं, "जरा जाऊन येते."

मागे वळले नाहीत. "किल्ली मला देऊन जा. सकाळी मी येईन तवा तू नसशील."

किल्ली खुर्चीच्या हातावर ठेवली. जवळच उभी राहिले. म्हटलं, "सुटली म्हणा."

हे पडद्याकडेच बघत होते.

"एकदा म्हणा. नुस्तं तोंडानं."

ह्यांनी खाली वाकून इअरफोन उचलला, कानात घातला. टीव्हीवर काहीच लागलेलं नव्हतं. त्यात ऐकण्यासारखं काही नव्हतं, मला माहीत आहे.

चप्पल घालून निघाले. जिना भरभर उतरले, रागाने की भीतीने, सांगता येत नाही. मोशीपासून इथवर येताना एकच गोष्ट डोळ्यांसमोर. आज रात्री त्यांना प्रेससमोर उभं राहायचंय, त्याच डाव्या हाताने. किल्ली मागितली म्हणजे जा म्हणाले. पण सुटली म्हणाले नाहीत. दोन्ही खरं आहे.

रावेतची बस लागली. पिशवी उचलली, पायरीपर्यंत गेले, परत येऊन बसले.

मनू दार उघडेल तेव्हा कशी दिसत असेल?

कंडक्टर दुसऱ्यांदा विचारतोय, "मावशी, यायचंय का न्हाई?"