कोटाचे खांदे आणि वाक्यातलं जास्तीचं

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा दंडवत. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला का? (उत्तर येणार नाही, माहीत आहे. पडद्यांच्या त्या दिवसापासून दोन वर्षांत माझ्या तीन पत्रांना तुझी एक ओळ नाही. पण विचारायची रीत आहे म्हणून विचारतो. पडद्यांचा विषय मी काढणार नाही, निश्चिंत राहा.) मी ठणठणीत आहे. फक्त डोकं फिरलंय, आणि ते कुणी फिरवलं हे सांगायलाच हे पत्र.

वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मी पोर्तुगीज शिकतो आहे. हसू नकोस, कारण तसंच आहे. आमची सून पोर्तुगीज बोलणारी. तिचे वडील, म्हणजे आमचे व्याही, घड्याळं दुरुस्त करतात आणि त्यांना दुसरी भाषाच येत नाही. गेल्या वर्षी ते पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले आणि मी माती खाल्ली. त्यांनी कोट काढून खुर्चीला अडकवला. आता शिंप्यापुढे कोट टांगायचा आणि त्याने बघायचं नाही, हा कुठला न्याय? मी तो उचलला, उलटा केला, अस्तर चाचपलं आणि सगळ्यांसमोर म्हणालो की हे दोन खांदे एकाच माणसाचे आहेत का? आमच्या शेजाऱ्याने (या बाबाला नको तेव्हा दोन भाषा येतात) लगेच अर्थ सांगितला. व्याही भरल्या ताटावरून उठले आणि कोट घेऊन चालते झाले. कोट त्यांच्या वारलेल्या बायकोने शिवलेला होता हे नंतर कळलं. (आधी कळलं असतं तर मी गप्प बसलो असतो का? नसतो. तुझ्याशी खोटं कशाला बोलू!) तेव्हापासून त्या माणसाने आमचा उंबरा ओलांडलेला नाही. सुनेला आता आठवा महिना आहे, आणि बाप यावा म्हणून ती रडते. मुलाला म्हटलं, बाबा रे, माझ्या वतीने चार ओळी लिही. तर म्हणतो, उसवलंय तुम्ही, शिवाही तुम्हीच.

म्हणून हा क्लास. बेकरीच्या वरची खोली, शाळकरी पोरांची बाकं, त्यात माझे पाय मावत नाहीत, आणि शिकवायला एक बाई, माझ्या कात्रीपेक्षा वयाने लहान. दोन महिने बरे गेले. मग एके दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'वाक्यातली सहायक पदं'. म्हणजे काय, तर वाक्यात कोण आणि काय केलं, हे मुख्य. बाकी जुना, गोड, माझा. काल, हळूच, दाराशी. झालंच तर 'तो, आमच्या गल्लीतला शिंपी' यातला गल्लीतला शिंपी, हे सगळं जास्तीचं! काढलं तरी वाक्य उभंच राहतं म्हणे. अगं, चाळीस वर्षं ज्या गल्लीत मशीन चालवलं, ती गल्ली जास्तीची? मी जास्तीचा? (माझं वाक्य माझ्याशिवाय उभं राहतं, हे ऐकायला मी फी भरली!) फक्त हाक मारलेली ('ताई' म्हणतो ना, ती) तेवढी त्यांनी सोडली. ती म्हणे मुख्यही नाही आणि जास्तीचीही नाही, वाक्याच्या बाहेर उभी असते, तिला हात लावायचा नाही.

गृहपाठ दिला की वाक्यं लिहून त्यातली सहायक पदं काढा. मी विचार केला, एका कापडात दोन कामं होतील. व्याह्यांना पोर्तुगीजमध्ये लिहून ठेवलेलं माफीपत्रच दुसऱ्यांदा उतरवून घेतलं. काय पत्र होतं म्हणून सांगू! 'आदरणीय व्याही, मी, चाळीस वर्षांचा अनुभवी कारागीर, त्या दिवशी, अपुऱ्या उजेडात, वाकड्या खांद्यांच्या कोटाबद्दल बोलताना किंचित चुकलो. तुमची मुलगी, माझी गुणी सून, हल्ली संध्याकाळी विनाकारण रडते. सवडीने, पुढेमागे, दोन दिवसांसाठी या.' मान राखून मागितलेली माफी, झुकायचं किती ते मोजून. मग दुसऱ्या प्रतीतलं जास्तीचं काढलं. बाई म्हणाल्या होत्या काढा, तेव्हा मी कात्रीने काढलं, आणि उरलेले तुकडे पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चिकटवले. (बाकीच्यांनी पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या. मी कात्रीचं सांगितल्यावर वर्गात हशा पिकला तो वेगळाच.) उरलं एवढंच: 'व्याही, मी चुकलो. मुलगी रडते. या.'

आणि टपालात पडलं ते हेच! पाकीट आमच्या हिने भरलं. विचारलं तर म्हणते, मला मेलीला कुठे पोर्तुगीज येतंय, जे पाकिटात मावलं ते घातलं. आयुष्यात कुणापुढे असा उघडा पडलो नव्हतो गं.

पाचव्या दिवशी व्याही दुकानाच्या दारात उभे. अंगात तोच कोट. काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि मला कळावं म्हणून सावकाश बोलले, की तिने शिवलेला हा पहिला आणि शेवटचा. आता बटणं लागत नाहीत. मी शिवण उसवली. ताई, त्यांच्या बायकोने आत चहूकडून दोन-दोन बोटं कापड दुमडून ठेवलं होतं. नवरा पुढे सुटणार, याचा अंदाज घेऊन! मी कडेने कोट सैल केला. खांद्यांना हात लावला नाही. माझा हातच होईना.

दुसऱ्या दिवशी तणतणत क्लासला गेलो. म्हटलं, बाई, ते आतलं कापड कुणी जास्तीचं म्हणून कापलं असतं तर? तर म्हणतात, आजोबा, जास्तीचं म्हणजे टाकाऊ असं मी कधी म्हणाले? वाक्य कशावर उभं आहे ते आधी बघा, एवढंच म्हणाले. (एवढीशी पोर, पण तोंड बघ!) व्याही आमच्याकडेच आहेत. घरातली सगळी घड्याळं त्यांनी उघडून ठेवलीत आणि मी चकार शब्द काढलेला नाही.

भाऊजींना नमस्कार.

तुझा भाऊ

ता. क. आमची ही खोटारडी आहे. पाकीट भरण्याआधी दोन्ही कागद तिने सुनेकडून वाचून घेतले होते.

ता. क. दुसरा. पडदे. तुझ्या नव्या घरात तू हाताने शिवलेल्या पडद्यांना मी पाहुण्यांसमोर पोतेरं म्हणालो. सुई धरायला मला तूच शिकवलंस. त्या दिवशी मी उन्हातून आलो होतो, उपाशी होतो, शिवाय खालची दुमड खरोखरच... जाऊ दे. कात्री घे आणि या पत्रातलं जास्तीचं सगळं काप. मी इथे कापून बघितलंय. एवढंच उरतं:

ताई, मी चुकलो. ये.