सातही मुली पास

३ एप्रिल १९७६
अंजूरहून नामदेव भाऊजी आले होते. श्रीयुतांचे थोरले भाऊ. पाच वर्षांत पहिल्यांदा या दारात. ओळख पटल्यावर दार लावून घ्यावंसं वाटलं, पण आत घेतलं. चहा विचारला नाही.
बातमी: श्रीयुत कुवेतला तुरुंगात. पाण्याचा टँकर चालवत होते, खाली माणूस सापडला, मेला. त्याच्या घरच्यांनी पैसे घेऊन माफी दिली तर सुटका. मुदत मे अखेर. नाहीतर खटला आणि किती वर्षं ते देव जाणे.
खाडीकडचं शेत विकून पैसे उभे केलेत. ते तिकडे पोचवायचे कसे, हा घोळ. "बँकेत बायकोची सही लागेल, इंदू."
बायको! आत्ता आठवलं.

५ एप्रिल
भाऊजींबरोबर बँकेत. मॅनेजर भला माणूस. अर्ज मुंबईला जाणार, परवानगी येणार, कमीत कमी तीन महिने. तीही आली तर. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं विचारलं. मेलेल्या माणसाची किंमत? म्हणाला, "बाई, असल्या कारणाला रकाना नाही."
मग बाजारपेठेतला हुंडीवाला. त्याने शेकडा पंधरा मागितले. वर म्हणाला, आणीबाणीत धाडी फार, महिना-दीड महिना धरा. भाऊजींचा चेहरा पडला. पंधरा टक्के गेले तर तिकडचा आकडा भरत नाही, आणि विकायला दुसरं शेत नाही.
मी घरी येऊन जेवले. दोन पोळ्या जास्त गेल्या.

९ एप्रिल
दुपारी खतिजाबीचं पत्र वाचून दाखवलं. गल्लीतले सात जण कुवेतला एकाच खोलीत राहतात, त्यांत खतिजाचा नवरा रज्जाकभाई सगळ्यांत वडील. त्यांच्या सातही बायकांची पत्रं चार वर्षं मीच वाचते, मीच लिहिते. कोणाच्या घरात काय शिजतं ते त्यांच्या नवऱ्यांच्या आधी मला कळतं.
रज्जाकभाईंनी लिहिलंय, वर्षाची शिल्लक साठलीय, सातही जणांची. पण पाठवून देणारा फार कापतो, म्हणून थांबलोय.
वाचता वाचता थांबले.
यांचे पैसे तिकडे आहेत, हवेत इकडे. अंजूरकरांचे इकडे आहेत, हवेत तिकडे. इकडचे इकडे द्यावेत, तिकडचे तिकडे. अंजूरकरांनी इकडे या सात घरी, सात जणांनी तिकडे मेलेल्याच्या घरी. समुद्र ओलांडायचाय कशाला? एका तारेचा खर्च, आणि काम चार दिवसांचं.
खतिजा म्हणाली, "बाई, क्या हुआ? बरं हाय ना तिकडं?"
म्हटलं, अक्षर लागत नाहीये.

१३ एप्रिल
चार दिवस हे मला एकटीला ठाऊक आहे. भिवंडीत दुसऱ्या कोणाला नाही. शाळेत फळ्यावर भागाकार लिहिताना मधेच हसू येत होतं.
भाऊजी आज पुन्हा. रडले. रडू दिलं.
माझ्या बांगड्या मोडून आणि माझ्या नावावर पतपेढीचं कर्ज काढून श्रीयुत कुवेतला गेले. अकरा महिने पत्रं आली. शेवटच्या पत्रात दोन ओळी तब्येतीच्या, आणि खाली: "बाकी सविस्तर पुढच्या पत्रात." पुढचं पत्र आलंच नाही. दोन महिन्यांनी गावातला एकजण सांगत आला की तिकडे श्रीयुतांनी बाई ठेवलीय. सासूने माझी पेटी अंगणात काढली. "पोर न्हाय बाळ न्हाय, वर नवरा घालवलास." टांगेवाल्यासमोर. कर्ज मी फेडलं, चार वर्षं, दर महिन्याच्या पगारातून. आणि ती पेटीसुद्धा नेऊ दिली नाही. टांग्यात ठेवायला धरली तर माझा हात झटकला आणि परत आत नेली.
आणि आता, अडला हरी गाढवाचे पाय धरी. गाढव व्हायला माझी हरकत नाही.

१४ एप्रिल
भाऊजींना सांगितलं, होईल. दलाली नाही, परवानगी नाही. माझ्या दोन अटी.
एक. माझी पेटी भाऊजींनी डोक्यावरून आणायची. भर दिवसा, घरापासून एस.टी.च्या थांब्यापर्यंत, सगळ्या अंजूरने बघावी अशी. पैसे त्याच पेटीतून, आणि ते माझ्या हातात सासूने द्यायचे.
दोन. सुटल्यावर श्रीयुत आधी माझ्या दारात. आईला, देवीला, सगळ्यांना नंतर.
भाऊजी म्हणाले, "आय तयार व्हायची न्हाय." म्हटलं, मग बँकेच्या रांगेत उभं राहा.
रज्जाकभाईंना सगळं लिहून पत्र टाकलं. पकडले गेले तर नोकरी जाईल हे ठाऊक आहे. पाच वर्षांत पहिल्यांदा ते आपल्या पायाने माझ्या दारात आलेत, ही संधी सोडायची नाही.

१८ एप्रिल, रविवार
आली दोघं. भाऊजींच्या डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर माझी पेटी. वडिलांनी दिलेली, निळ्या रंगाची. मागून सासू, पदर तोंडाशी. वाकलीय बरीच.
माझं कुलूप फोडलेलं. साड्या गेल्या त्या गेल्याच. पाच वर्षं पेटीत सुकट भरत होते. उघडली आणि खोलीभर वास. तळाशी नोटांची पुरचुंडी, धोतराच्या फाडलेल्या पट्टीत.
सासूने ती माझ्या हातात दिली. "माज्या पोराला सोडव गो बाय."
गोड लागलं. खोटं कशाला लिहू? पाच वर्षांत इतकं गोड काही लागलं नव्हतं.
मग चहा केला. कप तिच्या हातात नीट धरवला. तेवढं केल्याशिवाय राहवलं नाही. त्याचा राग रात्रभर.

६ मे
रज्जाकभाईंचं उत्तर आलं. शुक्रवारी तुरुंगात जाऊन श्रीयुतांना भेटून आले. सातही जण तयार. पण तार बाईंच्या नावाने यायला हवी. दुसऱ्या कोणाचीही आली तर एक दिनार हलणार नाही. मजकूर त्यांनीच सुचवलाय: सातही मुली पास. शाळांचे निकाल लागलेत, कोणाला काय संशय येणार? सहा घरी पैसे पोचले तर सहा लिहायचं, आणि मग आकडा भरत नाही, मग सगळंच मोडलं.
म्हणजे शिक्का माझा. त्यांच्या शेताचा नाही, त्यांच्या देवीचा नाही. माझा.

८ मे
सहा घरी पोचते केले. पिशवीत वर वह्या, खाली पैसे. खतिजाने नोट नाकाला लावली. "बाई, पैशांना सुकटीची बास येतेय!" आणि हसत सुटली. मीही. ती पत्रे घालणार आहे छपरावर. दुसरी नवऱ्याला न विचारता सेकंडहँड पॉवरलूम घेणार म्हणते. सातवी हलिमा, ती माहेरी दिघाशीला गेलीय. परवा येईल.

११ मे
श्रीयुतांची चिठ्ठी. रज्जाकभाईंनी वेगळ्या पाकिटात घालून पाठवलीय. तेच अक्षर. उकाराचे शेपूट लांब.
"इंदू, तू मला माफ केलंस हे ऐकून डोळे भरून आले. तू देवमाणूस. सुटलो की आता तुझ्यापाशीच राहीन, तुझ्या हातचं खाईन. इथली ती केव्हाच निघून गेली. तुझ्याशिवाय माझं आहे कोण?"
माफ! कोणी केलं? कधी? ती निघून गेली म्हणून मी. म्हणजे मी सगळ्यांच्या मागे राहिलेली, सुकटीसारखी, कधीही पेटीतून काढावी.
तार करत नाही. कुजू दे तिथेच. सहा घरी जाऊन पैसे परत मागते, पुरचुंडी बांधून अंजूरला फेकते.
खतिजाचे पत्रे काल आले. भिंतीला टेकवून ठेवलेत.

१२ मे
हलिमा आली. काल तसं लिहूनही, खतिजाचे पत्रे बघून मी सकाळी तिला नेऊन दिलेले पैसे परत घेऊन. टेबलावर ठेवले. वय तेवीस, लग्नाला पाच वर्षं, त्यातले तीन महिने नवरा घरी.
"बाई, मी हे घेयाची न्हाय. ज्याने तुम्हाला रडवलं, त्याला माझ्या मर्दच्या कमाईनं सोडवू? सडने दो उसको."
काल मी हेच लिहिलंय. वरच्याच पानावर. हिला जवळ घ्यायला हवं होतं. मी अंगावर ओरडले.
"तू कोण मला शिकवणारी?"
"मी कोन न्हाय. पर तुम्ही त्याला कशाला वाचवता?"
मग तोंडातून जे निघालं ते निघालं, आधी ठरवलेलं नव्हतं. म्हटलं, आत बसला की तो बिचारा होतो, हलिमा. गाव हळहळतं, आई नवस बोलते. तुरुंगातल्या माणसाला कोणी जाब विचारत नाही. तिथेच मेला तर त्याचा फोटो लावतील, आणि हार मला घालायला सांगतील. मग या पाच वर्षांसाठी मी कोणाशी भांडू? मला तो बाहेर हवाय. समोर.
हलिमाने नखाने टेबलाचा टवका काढला.
"म्हंजे तुम्हाला तो पायजे."
"पाहिजे."
"ठेवायला?"
"नाही."
"फिर ठीक है." पुडकं उचलून पदरात बांधलं. दारातून वळली. "पर आयेगा तब मैं भी बैठूंगी. माझेबी पैसे हायेत त्यात."

१४ मे
तार केली. इंग्रजीत करावी लागते. तीन शब्द आणि माझं नाव. पोस्टातला कारकून म्हणाला, "बाई, निकाल थेट कुवेतला?"
म्हटलं, बापांना कळायला नको?
पावती घेतली. बाहेर येऊन उसाचा रस प्याले, दोन ग्लास.

२४ मे
उत्तराची तार. "मुलगाही पास."
वाचून इतकी हसले की शेजारच्या लूमवरचा माणूस बघायला आला. हसणं थांबेना. नंतर ते हसणं राहिलं नव्हतं.

११ जून
रज्जाकभाईंचं पत्र. पैसे पोचले, माफीच्या कागदावर मेलेल्याच्या भावाने अंगठा दिला. मेलेल्याची बायको पलीकडच्या खोलीत होती, तिने काही विचारलं नाही. मेलेल्याचं नाव त्यांनी लिहिलंय, पण मला इथे लिहायचा धीर होत नाही. या सगळ्यात त्या माणसाचा विचार मी आज पहिल्यांदा केला. माझा सूड त्याच्या जिवावर उभा आहे.
श्रीयुतांना विमानात बसवून देणार. भाऊजी आणायला जातील.
सासूचा निरोप: आधी अंजूरला येऊ दे, देवीची ओटी भरायची आहे. उलट निरोप पाठवला: अट म्हणजे अट.

१८ जून
काय बोलायचं ते लिहून बघितलं. चार पानं झाली. बांगड्या, कर्ज, टांगेवाला, ती बाई, साड्या. वाचलं तर रडगाणं. फाडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडलं. दुसऱ्यांची पत्रं कशी झरझर लिहिते मी.
जुनी पत्रं काढली. शेवटचं सापडलं. "बाकी सविस्तर पुढच्या पत्रात."
बस. एवढंच. बांगड्या त्याला माफ, कर्ज मी फेडलंय. माझं ते पुढचं पत्र कुठाय? पाच वर्षं पोस्टमन दिसला की मी खिडकीशी. सात जणींची पत्रं वाचली, आणि प्रत्येक पाकीट फोडताना वाटायचं की चुकून माझं असेल.
ते त्याने इथे बसून लिहावं. सविस्तर. माझ्या टेबलाशी, मी समोर उभी असताना, पोरांना बसवते तसा. पाणी नंतर, जेवण नंतर. एक ओळ खोटी वाटली की खोडायला लावीन. मग कुठे राहायचं ते त्याचं त्याने बघावं. मला वाचून काय वाटेल ते आत्ता सांगता येत नाही. सांगायची गरजही नाही.

२० जून, रविवार
सकाळपासून सातही जणी माझ्या ओट्यावर. कोणी बोलावलं नाही. खतिजा सूप घेऊन आलीय, तांदूळ निवडतेय. दोघी भाजी मोडतायत. हलिमा पायरीवर, गल्लीच्या तोंडाकडे डोळे लावून. अशा बसल्यात जणू लग्नघर. की निकालाचा दिवस.
टेबल खिडकीशी ओढलं. कोरे कागद पाच. पाच पुरतील? आणखी पाच ठेवले. खुर्ची एकच. निळी पेटी दाराआड, धुतली तरी वास आहेच.
भाऊजींचा निरोप होता, दहाच्या एस.टी.ने येतो. साडेदहा झाले.
खतिजा विचारतेय, चहाला आधण ठेवू का? नको म्हटलं.
सूप थांबलं.
हलिमा उठून उभी राहिली. "बाई, आला. दोघं हायेत. तुमचा तो मागला, केस पिकलेला? दार मी उघडू?"
थांब म्हटलं. पेनात शाई आहे का ते बघतेय.