बाबांचा पट्टा

आई,

तू चर्चमधून यायच्या आत निघतेय, कारण समोर असलीस तर जाऊ देणार नाहीस. बागेतल्या गाण्यांच्या कार्यक्रमाला चाललेय. गाणी ऐकायला नाही, हे तुला सांगायला नको.

मारामारीच्या भीतीने फाटकावर अजूनही बकलचा पट्टा आत नेऊ देत नाहीत. लोक तो बाहेरच्या विक्रेत्या बायकांकडे ठेवून जातात. एल्किननेही गेल्या वर्षी तेच केलं. सुटताना गर्दीत ती बाई सापडली नाही, एवढाच माझ्या भावाचा गुन्हा. एका हाताने पँट सावरत तो घरी आला, आणि तू दार न उघडताच ओरडलीस, "बाबांचा पट्टा आणल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही!"

तो बाहेरून हसत म्हणाला, "आणतो बाईसाहेब. मग तरी उघडाल ना?"

मी आत इस्त्री करत उभी होते. मीही उघडलं नाही. तो गेला तो गेलाच.

काल शेजारची ग्लादिस म्हणाली, रुबिएला नावाची एक रेनकोटवाली न नेलेले पट्टे वर्षभर सांभाळते आणि पुढच्या कार्यक्रमाला कुंपणावर टांगून ठेवते. बाबांचा पट्टा तिथे असला तरी भीती वाटते, नसला तरी.

सूप गरम करून घे. एल्किनचे बूट पुन्हा पुसत बसू नकोस.

किल्ली माझ्याकडे आहे, त्यामुळे मी दार वाजवणार नाही. कुणी वाजवलंच, तर पट्ट्याचं विचारू नकोस. आधी दार उघड.

यामिले