मोठ्या झोपडीतली मुलं

२० सप्टेंबर
अखेर नोकरी लागली! डँडेनॉन्गच्या पुढे, युकॅलिप्टसच्या झाडीत, पर्यटकांसाठी दोन हजार वर्षांपूर्वीचं, इथल्या गोऱ्यांच्या पूर्वजांचं केल्टिक खेडं बांधलंय: गवताने शाकारलेल्या गोल झोपड्या, कुडाच्या भिंती, मेंढ्या. तिथे लोकरीचा झगा घालून जात्यावर दळणारी बाई म्हणजे मी, सांगलीची मीनाक्षी. मॅनेजर जॅनेट म्हणाली, मी अगदी ‘ऑथेंटिक’ दिसते. कपाळ तिचं! नवरोबा चारुदत्त पोट धरून हसला. रुचाला मात्र आईचा झगा भारी आवडला. तीही म्हणे येणार.

२३ सप्टेंबर
शाळांना सुट्ट्या, त्यामुळे जत्रा. बाप फोनवर, आया सेल्फीत, पोरं मेंढ्यांच्या शेपट्या ओढतायत. आपलं पोर कुठे आहे याची एकालाही शुद्ध नाही. सगळी पोरं पळतात ती मोठ्या झोपडीत. आत नुसता धूर आणि अंधार. खिडकी नाही, दार एकच. त्यात काय एवढं बघायचं, देव जाणे.

२६ सप्टेंबर
ग्लेन वेव्हर्लीहून फॅबियन आणि रीटा आले, मूळचे वसईचे. मराठी ऐकून बरं वाटलं, पण बाईचं तोंड क्षणभर मिटेल तर शपथ! त्यांच्या धाकट्या ल्यूकने जात्यात खडे टाकले. दटावलं तर जीभ काढून दाखवली. मग दोघे भाऊ मोठ्या झोपडीत घुसले.
थोरला मार्क एकटाच बाहेर आला.
सगळे गाडीकडे निघाले तेव्हा मी हटकलं, “अहो, ल्यूक आतच राहिला!”
“कोण ल्यूक?” रीटा हसली. “आम्हाला एकच मुलगा.”
फॅबियननेही मान डोलावली. मी आत जाऊन पाहिलं. राख, बाकडी. कुणी नाही. तोवर गाडी गेली होती.

२७ सप्टेंबर
जॅनेट म्हणते, मला ऊन लागलंय. नो वरीज, मेट, पाणी पी. बिनडोक बाई!
आज एक आई जुळ्या मुलींना बाबागाडीतून घेऊन आली. त्यांना हात धरून मोठ्या झोपडीत नेलं. बाहेर आली ती एकीलाच घेऊन. रिकाम्या सीटवर पर्स ठेवली आणि गुणगुणत गेली.

२९ सप्टेंबर
पोलिसांना फोन केला. मूल हरवल्याची कुणाचीच तक्रार नाही. कशी असेल? आईबापच विसरतात. मला आठवतं, कारण ती माझी नव्हेत. उद्या राजीनामा. चारुदत्तला बजावलंय, रुचाला इकडे आणायचं नाही.

३० सप्टेंबर
आणलं त्याने. सरप्राइज म्हणे! मूर्ख, मूर्ख माणूस— मी झोपडीकडे धावले. आत धूर. हाका मारल्या. कुणी नाही—
बाहेर तो फोन बघत उभा. “कोण रुचा?” म्हणाला.
ती तिसरीत आहे. भात चिवडते. झोपताना माझं बोट धरते. तिचे डोळे— केस लांब, नाही, आखूड— तिचा आवाज—

१ ऑक्टोबर
राजीनामा का द्यायचा होता कोण जाणे. काम तसं निवांत आहे. गर्दी तीच, बेपर्वा. बरं झालं, आम्ही मूलबाळ होऊ दिलं नाही.
सकाळपासून मोठ्या झोपडीत एक मुलगी रडतेय. “आई, आई” करतेय, चक्क मराठीत. हिची आई बसली असेल कुठेतरी फोटो काढत. लाज नाही लोकांना. आत जाऊन बघते, कुणाची—