हिरव्या टोमॅटोचा केक

पिर्ना, १८ डिसेंबर १९९०

प्रिय रोस्विताताई,

"गोथार्ट, आईची चव घालवलीस की रे! बर्लिनची भिंत होती तेव्हाच तुमचा केक बरा लागायचा," असं तू फोनवर म्हणालीस. वर पुढचा नाताळ तुला दिसेल असं डॉक्टर धरत नाहीत, हेही हसत सांगितलंस. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

खरं सांगतो. नाताळच्या केकसाठी तू भिंतीपलीकडून बदाम आणि साखरेत मुरवलेली लिंबाची साल पाठवायचीस. पुडकं उघडलं की घरभर वास सुटायचा. "पोरांना हुंगू तरी द्या हो!" माझी बायको गेर्डा म्हणायची. हुंगता हुंगता पोरं, पुढे नातवंडं, साल फस्त करायची. मग गेर्डा सालीऐवजी परसातले हिरवे टोमॅटो पाकात शिजवून तुला पाठवायच्या केकात घालायची. अठ्ठावीस वर्षं तू तेच खाल्लंस.

यंदा देश एक झाला, दुकानात सगळं मिळालं, म्हणून मी पहिल्यांदाच खरी साल घातली.

गेर्डा वसंतात गेली. तिच्या हातची टोमॅटोची एकच बरणी तळघरात उरली होती. ती मी आज उघडली. बिघडली नसेल ना, म्हणून तीनदा चाखली, मग नव्या केकात घातली.

हे पत्र मात्र खणात ठेवतो. केक उद्या पाठवतो.

तुझा धाकटा भाऊ,
गोथार्ट